सहाव्या कपाटाच्या दोन्ही बाजूंना

दोन हात

गल्ली दोन हात रुंद होती. मुंगी नावाच्या मुलीचे दोन हात. मोठ्या माणसाचा जेमतेम दीड. मोठी माणसं तिच्यात तिरकी शिरायची. मुंगी मात्र दोन्ही कोपरं बाहेर काढून, रस्ता स्वतःच्या बापाचा असल्यासारखी चालायची.

पण आधी खोली बघू. जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीचं तळघर. खिडकी नाही. दिवे बारा, त्यांतले नऊ चालू. जमिनीत लोखंडी रूळ, आणि रुळांवर दहा कपाटं, छताला डोकं लागेल इतकी उंच. प्रत्येक कपाटाच्या कडेला एक मोठं चाक. चाक फिरवलं की कपाट सरकतं. ही कपाटं एकमेकांना चिकटून उभी असतात, आणि त्यांच्यामध्ये कुठंतरी एकच गल्ली असते. तिसऱ्या कपाटातला गठ्ठा हवा असेल तर तिसऱ्यापाशी गल्ली उघडायची. नंतर आठव्यातला हवा झाला तर तिसऱ्याची गल्ली मिटवायची, मगच आठव्याची उघडते. खोली एक, कपाटं दहा, गल्ली एक. एवढं डोक्यात पक्कं ठेवा. पुढची सगळी फजिती यातूनच निघते.

या खोलीची मुख्य होती मावशी. म्हणजे मुंगीच्या आईची धाकटी बहीण. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात पाळीनं कामाला, शाळेला सुट्टी, आणि मैत्रिणींचं म्हणाल तर त्या आघाडीवर नुसता शुकशुकाट. म्हणून मुंगी रोज डबा घेऊन मावशीबरोबर तळघरात.

भिंतीवर एक पाटी होती. मावशी इथे येण्याच्या किती आधीपासून, कुणालाच माहीत नव्हतं.

*१. आत शिरण्याआधी हाक मारावी.*
*२. आत गेल्यावर रुळावर लाकडी पाचर लावावी. पाचर नेहमी मोठ्या आकड्याच्या कपाटाला.*
*३. आतून “माणूस आहे” असे ऐकू आल्यास चाक फिरवू नये. कोण आहे, का आहे, हे विचारत बसू नये.*
*४. काम झाल्यावर पाचर काढून “गल्ली रिकामी” म्हणावे.*
*५. एका कपाटाला दोन बाजूंनी दोन पाचरी लावू नयेत.*

पाचव्या नियमावर शिपाईकाका रोज एकदा तरी हसायचे. “अहो, गल्ली एका बाजूला असते. दुसऱ्या बाजूला पाचर लावायला कोण, भूत जाणार?”

त्या दिवशी दुपारी मावशी सह्या घ्यायला वर गेली होती. शिपाईकाका चिठ्ठी घेऊन जिना उतरले.

“मुंगीबाई, मावशी कुठाय?”

“वर.”

“खिडकीवर एक माणूस दाखल्यासाठी ताटकळतोय. सहावं कपाट, एक्केचाळिसावा गठ्ठा. आली की सांग.” चिठ्ठी टेबलावर ठेवून काका परत वर गेले.

गल्ली सहाव्या आणि सातव्याच्या मध्येच उघडी होती. मुंगीनं चिठ्ठी पाहिली, गल्ली पाहिली. मावशी येईपर्यंत गठ्ठा टेबलावर तयार असेल, आणि मावशी म्हणेल, “अरे वा!” एवढाच विचार. एकटीनं आत जायचं नाही हे तिला बजावलेलं होतं, पण बजावणारी वर होती.

ती शिरली. घाईत हाक मारली नाही. खुंटीवरची पाचर घेतली आणि खाली वाकून रुळावर सारली. सातव्या कपाटाला लावायची होती. पण गठ्ठा सहाव्यात, तोंड सहाव्याकडे, डोकं सहाव्यात. पाचर लागली सहाव्याला.

खालून रूळ कण्हले. एखादा म्हातारा उठताना कण्हतो तसे.

एक हात

गल्ली अर्धी झाली होती. सहावं कपाट तिच्या नाकाशी आलं होतं.

मुंगी बाहेर पळायला वळली, तर बाहेर नव्हतं. जिथं गल्लीचं तोंड असायचं, टेबल दिसायचं, तिथं भिंत होती. ती उलटी फिरली. त्या टोकाला तर भिंत आधीपासूनच होती. पुढं भिंत, मागं भिंत, डावीकडं सहावं, उजवीकडं सातवं. तिनं भिंतीवर हात आपटला. भिंत गार होती आणि खरी होती.

“मावशी!”

आवाज गठ्ठ्यांनी पिऊन टाकला.

तेवढ्यात कोणीतरी शिंकलं. सहाव्या कपाटाच्या पलीकडून.

“कोण आहे?” मुंगी म्हणाली.

“तू कोण आहेस?”

“मी आधी विचारलं.”

“मी आधी शिंकले.”

आवाज मुलीचा होता, आणि तो थांबायचं नाव घेईना. “हे बघ, मी पाचव्या आणि सहाव्याच्या मधे अडकलेय, माझी गल्ली एकदम बारीक झाली, दोन्हीकडं भिंती आल्यात, आणि तू जर हे चाक फिरवून माझी गंमत करत असशील ना, तर बाहेर आल्यावर बघतेच तुला.”

“मी पण अडकलेय. सहाव्या आणि सातव्याच्या मधे.”

“खोटं! एका वेळी एकच गल्ली असते. एवढंही माहीत नाही?”

“मला नको शिकवूस. माझी मावशी इथली मुख्य आहे.”

“चल, काहीतरीच! इथली मुख्य माझी आई आहे.”

 मुंगीनं डोळ्यासमोरचे दोन गठ्ठे जरा बाजूला सारले. पलीकडचीनंही तेच केलं असावं, कारण मधल्या फटीतून एक डोळा दिसला, अर्धं नाक, आणि पुढचा दात पडल्याची खिडकी. डोळा मुंगीला नीट न्याहाळत होता.

“नाव काय तुझं?”

“घरी मुंगी म्हणतात.”

“मला टकळी. बोलते ना, म्हणून. पण मी काही फार बोलत नाही, लोकांना ऐकायची सवय नसते.”

एक हात आणि चार बोटं

“मुंगी! अगं, आत आहेस का?” मावशीचा आवाज. लांबून आला, डब्यात बसून कुणी बोलावं तसा.

“मावशी! मी इथे! सहाव्या-सातव्यात!”

“गल्लीच दिसत नाहीये गं! दहाही कपाटं चिकटलीयेत! थांब, घाबरू नकोस, मी चाक फिरवते!”

सहावं कपाट हललं. मुंगीच्या बाजूची पाचर मोकळी झाली, आणि तिच्या छातीसमोर चार बोटं जागा झाली. अहाहा! तिनं भरून श्वास घेतला.

पलीकडं टकळी किंचाळली.

“ढकलू नको! कपाट माझ्या अंगावर येतंय! पाचर घसरतेय!”

मुंगीनं दोन्ही बाजू पाहिल्या. आपल्याकडं चार बोटं वाढली होती. तिकडं नेमकी चार बोटं कमी झाली असणार.

“मावशी, थांब!”

“का? सरकतंय की! आणखी थोडं!”

“थांब ना! पलीकडं कोणीतरी आहे!”

“पलीकडं कोण असणार, बाळा? पाचवं आणि सहावं चिकटलेलं आहे. मी इथे उभी आहे, बघतेय ना!” मावशीचा आवाज रडवेला झाला होता. “तू बोलत राहा. मी फिरवते.”

कपाट पुन्हा हललं. टकळीचं किंचाळणं आता बारीक झालं, दाराच्या फटीत शेपूट अडकलेल्या मांजरासारखं. तिच्या आवाजात आता शब्द नव्हते.

समजावून सांगायला वेळ नव्हता. मुंगीला स्वतःलाच काही समजलेलं नव्हतं. तिला आठवली फक्त पाटी. ती फुप्फुसं फाटेस्तोवर ओरडली:

“माणूस आहे!”

चाक थांबलं.

आता बघा, मावशीला पलीकडचं काही दिसत नव्हतं. बंद गल्लीत माणूस असणं तिच्या हिशेबात बसत नव्हतं. भाचीच्या डोक्यावर भीतीनं परिणाम झालाय असंही तिला वाटलं असेल. पण अठरा वर्षं ती या खोलीत काम करत होती, आणि अठरा वर्षांत ‘माणूस आहे’ ऐकल्यावर तिनं चाकाला बोट लावलं नव्हतं. कोण, का, हे तिनं विचारलं नाही. तिचे दोन्ही हात चाकावरून निघाले.

“बरं,” ती म्हणाली. “नाही फिरवत.”

एक वीत

आणि मग पलीकडचं चाक फिरायला लागलं.

टकळीच्या जगातही कुणीतरी जिना उतरून आलं होतं, कुणाला तरी गल्ली दिसत नव्हती, कुणीतरी “घाबरू नकोस” म्हणून चाकाला झोंबलं होतं. ते मुंगीला ऐकू आलं नाही. तिला फक्त कपाट दिसलं, येताना.

चार बोटं गेली.

आणखी चार गेली.

तिनं मान वळवली, कारण नाक मावेना. पाठ सातव्याला टेकली. गठ्ठ्यांची गाठ बरगडीत रुतली.

“टकळी.”

उत्तर नाही.

“टकळे, सांग ना तुझ्या आईला.”

पलीकडं

सगळं

गप्प.

जी मुलगी

शिंकेनंतर

एक क्षण

थांबली नव्हती

ती

आता

गप्प.

मुंगीनं

श्वास

आत घेतला

पण

ठेवायला

जागा

“आई, थांब! माणूस आहे! तिकडं माणूस आहे, आई!”

कपाट थांबलं. मग, हळूच, तसूभर मागं गेलं.

मुंगी बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली. श्वास घेणं हे एक काम आहे हे तिला आजच कळलं होतं.

“टकळी.”

“हं.”

“एवढा वेळ का लावलास?”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “माझ्याकडं खूप जागा झाली होती. एकदम मोकळं वाटलं. मी तीन मोजले.” मग आणखी खालच्या आवाजात, “पाच मोजले.”

मुंगीला राग आला. मग तिला आपली चार बोटं आठवली, आणि तो ‘अहाहा’.

“मी पण आधी श्वास घेतला होता,” ती म्हणाली. “मगच ओरडले.”

एक हात, परत

दोघींनी बाहेर ओरडून सांगितलं: चाकाला हात लावू नका, आम्ही विचार करतोय. यावर मावशी काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात ‘विचार’ हा शब्द तीनदा होता आणि तिन्ही वेळा टोमणा होता. कपाट आपसूक मधोमध येऊन उभं राहिलं.

इकडं: “तुझी आई दिसायला कशी आहे?”

तिकडं: “चष्मा. उंच. रागावली की आधी हसते.”

इकडं: “डाव्या मनगटावर इस्त्रीचा डाग आहे?”

तिकडं: “तुला गं कसं माहीत?”

इकडं: “ती माझी मावशी आहे.”

तिकडं: “कसं शक्य आहे? आईला बहीणच नाही. ती एकटीच.”

इकडं: “मग माझी आई?”

तिकडं: “नाहीये.”

इकडं: (काही नाही.)

तिकडं: “अगं, इथे नाहीये म्हणजे तिथे नाहीये असं थोडंच! तुझ्याकडं मी आहे का?”

इकडं: “नाही. मावशीला मूल नाही.”

तिकडं: (काही नाही. टकळीकडूनसुद्धा.)

मग डोकं चालवलं मुंगीनं. “दोन जगं आहेत. दोन्हीकडं हीच खोली, हेच रूळ, हीच दहा कपाटं. माझ्याकडं गल्ली सहाव्याच्या या बाजूला होती, तुझ्याकडं त्या बाजूला. तू पाचर कशाला लावलीस?”

“सहाव्याला. नियमच आहे, मोठ्या आकड्याला.”

“मला सातव्याला लावायची होती. मी चुकून सहाव्याला लावली. तेव्हाच.”

“म्हणजे एका कपाटाला दोन पाचरी!” टकळी ओरडली. “दोन बाजूंनी! अगं, तो पाचवा नियम! आमचे शिपाईकाका म्हणतात, त्यासाठी भूत लागेल.”

“आपण भूत आहोत.”

“तू भूत. मी अडकलेली.”

दोघी हसल्या, आणि हसताना गठ्ठे बरगडीत टोचले, तेव्हा थांबल्या.

सहावं कपाट दोन जगांनी दोन्हीकडून धरून ठेवलं होतं. धड इथलं नाही, धड तिथलं नाही. म्हणून गल्ल्या अर्ध्या, आणि अर्ध्या गल्लीला तोंड नसतं. पाचरी काढल्या तर कपाट सुटेल. पण सुटल्यावर कुणाच्या बाजूला जाईल? जिच्या बाजूला जाईल तिचा पापड होईल. पाचरी ठेवल्या तर दोघी इथेच, हातभर जागेत, मोठं होईपर्यंत. आणि मोठं व्हायलाही जागा नाही.

वर एक दिवा फडफडला आणि विझला.

“मला घरी जायचंय,” टकळी म्हणाली. वाक्याला नेहमीची शेपटी नव्हती.

मुंगी कपाटाकडं पाहत होती. किती वेळ ती त्याला भिंत समजत होती! पण कपाट म्हणजे भिंत नव्हे. कपाटाला खण असतात. या कपाटांना पाठ नव्हती, दोन्ही बाजूंनी गठ्ठे काढता यायचे. सगळ्यात खालचा खण सर्वांत उंच होता.

“टकळे, गल्लीत राहायचंच नाही,” ती म्हणाली. “कपाटात जायचं.”

शून्य

खालच्या खणातले गठ्ठे वर चढवायला त्यांना फार वेळ लागला. जमिनीवर एकही टाकायचा नव्हता, नाहीतर कपाट अडलं असतं. एक एक गठ्ठा वाकून काढायचा, पोटावरून सरकवत वर न्यायचा, वरच्या खणांत जिथं सापट दिसेल तिथं कोंबायचा. गठ्ठ्यांत माणसं होती. अमुक दिवशी जन्मली, अमुक दिवशी. टकळी मधूनमधून वाचत होती.

“अय्या, यात मी असेन! माझं साल आहे!”

“काढू नकोस. हात चालव.”

शेवटी खण रिकामा झाला. आता तो एक बोगदा होता, इकडून तिकडं आरपार. मुंगी गुडघ्यांवर बसली. पलीकडच्या उजेडात दोन गुडघे दिसले, एकावर खरचटलेलं.

“मुंगे,” टकळी म्हणाली, “सरळ इकडंच ये ना.”

“काय?”

“आरपार ये. माझ्या बाजूला. मग आपण दोघी एकाच गल्लीत, तुझी गल्ली मिटली तरी चालेल. माझी पूर्ण उघडेल. आईला सांगू, ही मावसबहीण. ती आधी हसेल, मग रागावेल, मग जेवायला वाढेल. माझ्याकडं वर-खाली असा दुहेरी पलंग आहे. वरचा तुला. वरचा कुणालाच देत नाही मी.”

मुंगीच्या तोंडाशी ‘हो’ आलं होतं. कुणी तिला वरचा पलंग कधी देऊ केला नव्हता. खालचाही नाही.

“किंवा तू इकडं ये,” ती म्हणाली.

“आई?”

“माझंही तेच.”

 मुंगीला दिसलं: मावशी चाक फिरवतेय, गल्ली पूर्ण उघडतेय, दोन हात, स्वच्छ, आणि तिच्यात कोणी नाही. आणि संध्याकाळी आई साबणाच्या वासाची, दारात.

“नको,” ती म्हणाली. “आपण खणात झोपू. दोघी. आपापल्या बाजूनं बाहेर पडू.”

टकळीनं भांडण केलं नाही, यावरून तिलाही पटलं होतं हे ओळखा.

एकमेकींना समोरासमोर झोपायला खण पुरेना. म्हणून एकीचं डोकं तिकडं, दुसरीचं इकडं. गठ्ठ्यांच्या मधे अंधार होता. मुंगीला टकळीचा चेहरा दिसला नाही. तिच्या गालाशी टकळीचा पाय होता, आणि त्याला शाईचा आणि घामाचा वास येत होता. तिनं तो घोट्यापाशी घट्ट धरला.

“ए, गुदगुल्या होतात!”

“हलू नकोस मग. पाचर काढ. मी तीन म्हटलं की.”

“पाच म्हणू नकोस.”

“एक. दोन. तीन.”

दोन हात खणाबाहेर गेले, एक या जगात, एक त्या. दोन पाचरी निघाल्या. रूळ कण्हले. कपाट थरथरलं, पण कुठंच गेलं नाही. कुठं जायचं ते त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

“मावशी! गल्ली रिकामी!”

“आई! गल्ली रिकामी!”

“रिकामी कशी?” मावशी ओरडली. “तू बाहेर कुठं आलीस? बाहेर आल्याशिवाय रिकामी म्हणायचं नाही, किती वेळा सांगितलं!”

“मी गल्लीत नाहीये. पाचर माझ्या हातात आहे. मावशी, तू मगाशी मला विचारलं नाहीस. आताही विचारू नकोस. आमची गल्ली उघड. हळू.”

 बाहेर मावशीचा हात चाकावर पडल्याचा आवाज. मग चाक.

टकळीच्या आईनंही त्याच वेळी फिरवलं असणार. कारण कपाट दोन्हीकडं गेलं. हे कसं ते सांगता येणार नाही. मुंगीला विचाराल तर ती म्हणेल, पोटात झोका वर जातो आणि त्याच वेळी खालीही येतो, तसं. खणाचा पत्रा ताणल्यासारखा वाजला. टकळी बोलत होती, अखंड, “मुंगे, सोडू नकोस, म्हणजे सोड, पण आत्ता नको, आणि ऐक, मी पाच नाही, सात मोजले होते, खरं सांगते, आणि वरचा पलंग मी कुणाला—”

मुंगीच्या मुठीतला घोटा गार झाला. खरखरीत झाला. मुठीत दोरीची गाठ होती, आणि गालाशी एक गठ्ठा. खण पुन्हा गच्च भरलेला होता, आणि मुंगी त्याच्या कडेवर, बाहेर पडायच्या बेतात, कशीबशी टिकून होती.

ती जमिनीवर घरंगळली.

दोन हात

गल्लीला तोंड होतं. तोंडात मावशी होती.

मग जे व्हायचं ते सगळं झालं. मावशीनं आधी तिला पोटाशी धरलं, मग हात-पाय तपासले, मग हसली, मग इतकी रागावली की तिसरं कपाटही दचकलं असेल. एकटीनं आत पाऊल टाकलंस तर तंगडं मोडून गळ्यात बांधीन. शिपाईकाका मागं चिठ्ठीशी चाळा करत उभे होते.

“मुंगीबाई, तो माणूस गेला कंटाळून,” ते म्हणाले. “उद्या येतो म्हणाला. पण तुमची गल्ली गेली होती कुठं?”

“काका, तुम्ही जरा पाणी आणा,” मावशी म्हणाली.

काका वर गेले. मावशीनं स्टूल ओढलं, त्यावर बसली, चष्मा पुसला, घातला, परत काढला. चाक फिरवताना विचारायचं नाही, हे तिनं पाळलं होतं. आता चाक थांबलं होतं.

“पलीकडं कोण होतं?”

मुंगीनं मावशीकडं पाहिलं. सांगितलं तर काय होईल, ते तिला माहीत नव्हतं. न सांगितलं तर मात्र माहीत होतं: टकळी या जगात कुठंच नव्हती, ती मुंगीच्या तोंडातही राहिली नसती.

“टकळी,” ती म्हणाली. “माझी मावसबहीण.”

मावशीचा चष्म्यावरचा हात थांबला. “तुला मावसबहीण नाही, बाळा.”

“इथे नाही.”

मावशी हसली नाही. रागावलीही नाही. तिनं सहाव्या कपाटाकडं पाहिलं, जे पाचव्याला असं चिकटलं होतं की मधून कागद जाऊ नये. 

“केवढी आहे?”

“माझ्याएवढी. जराशी गुबगुबीत. बोलते खूप. पुढचा एक दात पडलाय.”

“हं.” मावशीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. “कुणावर गेलीये?”

मुंगीनं आठवून पाहिलं. एक डोळा, फट, गठ्ठ्यांचा अंधार.

“नाक तुझं आहे,” ती म्हणाली. “म्हणजे मी अर्धंच पाहिलं.”

“अर्धंच?” मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चढला. “एवढा वेळ आत होतीस तू, आणि अर्धंच नाक पाहिलंस?”